‘हॉब्सन्स चॉइस’ : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ व उगम

इंग्रजी वाक्प्रचारांचे मराठी अर्थ पाठ करून घेण्याची आपल्या शाळांतील पद्धत जुनी आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढावयाची, डावीकडे इंग्रजी शब्दसमूह लिहावयाचा, उजवीकडे त्याच्या जोडीला एखादी मराठी म्हण बसवावयाची, की काम आटोपले. मीही अनेक वर्षे असेच शिकविले. या पद्धतीतील दोष सातवीतील एका मुलीने माझ्या पदरात घातला.

त्या दिवशी फळ्यावर मी ‘हॉब्सन्स चॉइस’ असे लिहून त्यासमोर ‘इकडे आड, तिकडे विहीर’ असा अर्थ दिला होता. बाजारात मिळणाऱ्या एका मार्गदर्शिकेत तो तसाच छापलेला होता व मी तो पडताळून पाहिला नव्हता. मुलगी उभी राहून म्हणाली, “गुरुजी, आड आणि विहीर मिळून दोन झाली. मग त्यांतले एक निवडायचे का? आणि यात हॉब्सन कोण?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. “उद्या सांगतो,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. तो ‘उद्या’ उजाडण्यास पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत जे हाती आले व पुढे त्यात जी भर पडली, ती शिक्षक बंधुभगिनींसमोर ठेवावी म्हणून हा लेख. २००० सालापासून आपल्या राज्यात इंग्रजी विषय पहिलीपासून शिकविला जातो. तेव्हा असे प्रश्न आता केवळ माध्यमिक शिक्षकांच्याच वाट्याला येतील असे नाही.

प्रथम त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ. हॉब्सन ही कल्पित व्यक्ती नव्हे. टॉमस हॉब्सन हा इंग्लंडमधील केंब्रिज या विद्यापीठाच्या गावी राहणारा गाडीवान होता. त्याचा जन्म १५४४ च्या सुमाराचा. बापाचाही धंदा मालवाहतुकीचाच. १५६८ साली बाप वारला, तेव्हा त्याने मृत्युपत्राने मुलास गाडी, आठ घोडे व त्यांचा सारा सरंजाम ठेवला. त्या भांडवलावर मुलाने साठांहून अधिक वर्षे केंब्रिज ते लंडन अशी वाहतूक केली. हे अंतर सुमारे पन्नास-पंचावन्न मैलांचे. आगगाडी नव्हती, सरकारी टपालाची आजच्यासारखी व्यवस्था नव्हती. विद्यार्थ्यांची पत्रे, सामानाच्या पेट्या, प्रसंगी खुद्द विद्यार्थी, सर्व हॉब्सनच्या गाडीतून जात-येत. लंडनला तो बिशप्सगेट रस्त्यावरील ‘बुल’ नावाच्या सराईत उतरत असे. विद्यापीठातील एकूण एक माणूस त्यास ओळखत होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या वाहतुकीच्या जोडीस त्याने दुसरा धंदा काढला. त्याच्या पदरी घोडे पुष्कळ होते. ते रिकामे उभे राहण्यापेक्षा भाड्याने द्यावेत असे त्याच्या मनात आले. विद्यार्थ्यांना रपेटीची हौस फार. घोड्याबरोबर बूट, लगाम व चाबूक हेही तो पुरवीत असे, म्हणजे गिऱ्हाइकास आणखी कोठे उसनवारी करावयास नको. त्याच्या पागेत चाळीस उत्तम जनावरे सदैव सज्ज असत, असे पुढील काळातील लेखकांनी नमूद केले आहे.

आता मुख्य गोष्ट. पागेत चाळीस घोडे असले, तरी त्यांतील चार-पाच विशेष वेगवान असणार हे उघड आहे. येणारा प्रत्येक तरुण नेमके तेच मागे. परिणाम असा होई की, चांगली जनावरे एका रपेटीहून परत येतात न येतात तोच दुसऱ्या रपेटीस जुंपली जात, फेस गळेपर्यंत दामटली जात व थोड्याच दिवसांत निकामी होत. मंद जनावरे मात्र दावणीला वैरण खात उभी. यावर हॉब्सनने एक नियम घालून दिला. गिऱ्हाइकास पागेत न्यावयाचे, सारे घोडे दाखवावयाचे. परंतु द्यावयाचा तो दाराशी सर्वांत जवळ उभा असलेला घोडा. घ्यावयाचा तर तो घ्या, नाही तर पायी जा. रपेटीहून परत आलेला घोडा रांगेच्या शेवटी बांधला जाई. त्याचा क्रम पुन्हा येईपर्यंत त्यास विश्रांती मिळे. दाराशी उभा असलेला घोडा याचा अर्थ सर्वांत अधिक विसावलेला घोडा.

धनिकाचा मुलगा असो वा फी माफ असलेला गरीब विद्यार्थी असो, नियम सर्वांना एकच. आपल्याकडे पंगतीत वाढताना ओळखीच्या माणसास अधिक तूप व अनोळख्यास कमी, असे करणाऱ्याला ‘पंक्तिप्रपंच करतो’ म्हणून नावे ठेवतात. हॉब्सनच्या पागेत पंक्तिप्रपंच नव्हता. माणसांच्या बाबतीत नव्हता आणि घोड्यांच्याही बाबतीत नव्हता.

या नियमाची हकीकत आपणांस प्रामुख्याने ज्या लेखातून कळते, तो लेख मोठा मनोरंजक आहे. रिचर्ड स्टील व जोसेफ ॲडिसन या दोघांनी १७११ साली लंडनमध्ये ‘स्पेक्टेटर’ नावाचे दैनिक पत्र सुरू केले. त्याच्या १४ ऑक्टोबर १७१२ च्या, म्हणजे ५०९ व्या अंकात स्टीलने एका व्यापाऱ्याच्या पत्राचे रूप देऊन काटकसर व सचोटी यांविषयी लिहिले आहे. लेखाच्या शेवटी तो या म्हणीकडे वळतो, आणि तेथे त्याने लोकांची चूक काढली आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, माणूस अगदी अडचणीत सापडला म्हणजे लोक ‘हॉब्सन्स चॉइस’ म्हणतात, तो गैरसमज होय. या म्हणीचा योग्य उपयोग असा की, वस्तू विपुल आहेत खऱ्या, परंतु तुमच्या मागून येणाऱ्याचे नुकसान होणार नाही अशाच रीतीने तुम्ही निवड करावी. प्रत्येक गिऱ्हाइकास त्याच्या दैवाप्रमाणे सारखेच मिळे व प्रत्येक घोड्यास सारख्याच न्यायाने वागविले जाई, यावर स्टीलने भर दिला आहे.

वाचताना मी थबकलो. कारण आज सर्व कोशांत दिलेला अर्थ स्टीलने चूक ठरविलेल्या अर्थाच्याच बाजूचा आहे: वरवर निवड, प्रत्यक्षात एकच वस्तू, घ्या किंवा सोडा. मग बरोबर कोण? सरळ सांगावयाचे तर अर्थाच्या बाबतीत लोक बरोबर, स्टील नव्हे. भाषेतील शब्दाचा अर्थ बहुसंख्य बोलणारे ठरवितात. मूळ कथा सांगणारा ठरवीत नाही. परीक्षेत स्टीलचा अर्थ लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास गुण मिळणार नाहीत व मिळूही नयेत. परंतु स्टीलने सांगितलेली गोष्ट व्यर्थ आहे असे मात्र नाही. एकाच नियमाकडे घोड्याच्या बाजूने पाहिले तर तो न्याय दिसतो आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर तीच सक्ती वाटते. म्हण गिऱ्हाइकांच्या तोंडी पडली. घोड्यांना बोलता आले असते तर तिचा अर्थ निराळा झाला असता.

स्टीलवर सर्वस्वी विसंबूनही चालणार नाही. हॉब्सनच्या मृत्यूनंतर ८१ वर्षांनी तो लिहीत आहे, आणि टॉमसचे नाव त्याने ‘टोबायस’ असे चुकीचे दिले आहे. इंग्लंडात भाड्याने घोडे देण्याचा प्रघात प्रथम हॉब्सनने पाडला असेही तो म्हणतो. तेही खरे नाही. लंडनहून डोव्हर बंदराकडे जाणाऱ्या मार्गावर चौदाव्या शतकातच घोडे भाड्याने मिळत असत.

मग ही म्हण खरोखर हॉब्सनपासूनच निघाली कशावरून? छापील पुरावा पाहू. १६६० साली सॅम्युएल फिशर या क्वेकर पंथाच्या लेखकाने आपल्या ग्रंथात हा शब्दप्रयोग केला आहे व तो करताना ‘म्हण आहे त्याप्रमाणे’ असे सांगून ‘हे घ्या, नाही तर काहीच नाही’ असा अर्थही स्पष्ट केला आहे. हॉब्सनला जाऊन तेव्हा २९ वर्षे झाली होती. याचा अर्थ तोपर्यंत म्हण सर्वतोमुखी झालेली होती. येथवर सर्व सुरळीत जुळते. अडचण येते ती त्याआधीच्या एका उल्लेखामुळे. जपानमधील हिरादो येथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. तिचा प्रमुख रिचर्ड कॉक्स याने १६१७ साली लिहिले आहे की, जपानी सत्ताधीश देतील त्या सवलती घ्याव्यात, नाही तर तशीच गाडी हाकावी, अशी आपली गत झाली आहे. आणि या स्थितीस त्याने ‘हॉजसन्स चॉइस’ असे म्हटले आहे. हॉब्सन नव्हे, हॉजसन! केंब्रिजचा हॉब्सन त्या वेळी जिवंत होता व धंदा करीत होता. कॉक्सने ऐकीव नाव चुकीचे लिहिले, की आधीच प्रचलित असलेली एखादी म्हण पुढे नामसादृश्यामुळे केंब्रिजच्या प्रसिद्ध गाडीवानास चिकटली? याविषयी अभ्यासकांत शंका आहे. वर्गात गोष्ट अवश्य सांगावी. ‘असे सांगतात’ हे दोन शब्द मात्र तिला जोडावेत.

आता अर्थाकडे वळू. उजव्या रकान्यात कोणती मराठी म्हण लिहावी, हा आपल्या दृष्टीने खरा प्रश्न.

‘इकडे आड, तिकडे विहीर’ ही चालणार नाही. त्या म्हणीत वाटा दोन असतात व दोन्ही वाटांनी बुडणेच असते. इंग्रजीत त्यासाठी ‘बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी’ असा स्वतंत्र वाक्प्रचार आहे, त्याच्यापुढे ती लिहावी. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ हीही नव्हे. तेथे दोन वाईट वस्तूंची तुलना करून त्यांतल्या त्यात बरी वस्तू पत्करलेली असते. म्हणजे निवड आहे आणि ती विचारपूर्वक केलेली आहे. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ या म्हणीत गरजेपुढे मानहानी सोसण्याचा भाव मुख्य आहे. हॉब्सनच्या दारी मानहानी नव्हती, घोडा चांगलाच मिळत असे.

‘हॉब्सन्स चॉइस’ मध्ये वस्तू एकच असते. ती वाईटच असावी असेही बंधन नाही. ती घेणे किंवा काहीही न घेणे, एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती. बारकाईने पाहिले तर या वाक्प्रचारातील षष्ठी विभक्ती अगदी शब्दशः घ्यावयाची आहे: निवड गिऱ्हाइकाची नव्हे, हॉब्सनची. तंतोतंत जुळणारी म्हण मला मराठीत आढळली नाही. घरोघरी मुलांना सांगितले जाणारे ‘पानात पडेल ते खावे’ हे वाक्य जवळचे आहे, परंतु त्यात निवडीचा देखावा नाही. तो देखावा हवा असेल तर आईने “आज कोणती भाजी करू?” असे विचारावे, मुलाने तीन नावे सांगावीत आणि टोपलीत फक्त दुधी भोपळा असावा. उजव्या रकान्यात म्हण बसविण्याचा आग्रह सोडून ‘नावाला निवड, मिळेल ते घ्या, नाही तर काहीच नाही’ असा सरळ अर्थ लिहिणे उत्तम.

उदाहरण मुलांच्या परिचयाचे असावे. गावातून तालुक्यास जाणारी संध्याकाळची एस. टी. एकच असेल, तर “कोणत्या गाडीने जाणार?” या प्रश्नाचे उत्तर ‘हॉब्सन्स चॉइस’ होय. मोठ्या मुलांना अमेरिकेतील हेन्री फोर्डचे उदाहरण सांगता येईल. गिऱ्हाइकाने मोटारीस हवा तो रंग मागावा, फक्त तो काळा असावा, अशा अर्थाचे त्याचे उद्गार त्याच्या १९२२ सालच्या आत्मकथनात आहेत. त्याची ‘मॉडेल टी’ मोटार आरंभी इतर रंगांतही मिळत असे. १९१४ ते १९२५ या काळात मात्र ती केवळ काळ्या रंगात निघे. हॅरल्ड ब्रिगहाउस या नाटककाराचे याच नावाचे नाटक १९१६ साली लंडनच्या रंगभूमीवर आले व त्यावरून १९५४ साली डेव्हिड लीनने चित्रपट काढला. त्यातील चांभारी मालाचा दुकानदार हॉब्सन हा केंब्रिजचा नव्हे. परंतु शेवटी थोरल्या मुलीने पुढे ठेवलेली एकमेव वाट त्याला निमूटपणे पत्करावी लागते, म्हणून ते नाव.

आणखी एका नावाविषयी घोटाळा होण्याचा संभव आहे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा एक प्रसिद्ध कोश आहे. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेल्या देशी शब्दांचा हा संग्रह हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांनी सिद्ध केला व तो १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्याचा आपल्या गाडीवानाशी संबंध नाही. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसैन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानी पडला व त्यांनी त्याचे आपल्या जिभेस सोयीचे असे रूप केले, ते हे. आपणही लॉर्डाचा ‘लाट’ केलाच आहे.

हॉब्सनचा शेवट विलक्षण झाला. १६३० साली केंब्रिजमध्ये प्लेगची साथ आली. विद्यापीठाचे काम थांबले व लंडनला जाण्या-येण्यास मनाई झाली. जन्मभर रस्त्यावर असलेला हा माणूस पंच्याऐंशी वर्षे उलटल्यावर प्रथमच घरी बसला, आणि १ जानेवारी १६३१ रोजी वारला. काही पुस्तकांत हे साल १६३० असे दिलेले आढळेल. तेव्हा इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून हा फरक; ती छापण्यातील चूक नव्हे. पुढे महाकवी म्हणून गाजलेला जॉन मिल्टन त्या वेळी केंब्रिजमध्ये विद्यार्थी होता. त्याने या गाडीवानावर दोन विनोदी मृत्युलेख रचले. हॉब्सन सारखा फिरत होता तोवर मृत्यूला तो सापडेना, घरी बसला तेव्हा सापडला, अशी त्यांतील कल्पना आहे. वयाने, विद्येने व धंद्याने इतक्या दूरच्या माणसावर विद्यापीठातील मुलाने कविता कराव्यात, यावरून त्याची लोकप्रियता कळून येते.

मृत्यूसमयी तो सधन होता. केंब्रिजच्या दक्षिणेस ‘नाइन वेल्स’ नावाचे झरे आहेत. त्यांचे पाणी पाटाने गावात आणण्याचे काम १६१० ते १६१४ या काळात झाले. त्यास साहाय्य करणाऱ्यांत हॉब्सन होता व पाटाच्या देखभालीसाठी त्याने आपल्या मृत्युपत्रात तरतूदही करून ठेवली. तो पाट आजही ‘हॉब्सन्स कॉन्डुइट’ या नावाने ओळखला जातो. मंडईच्या चौकात १६१४ साली उभारलेले त्याचे कारंजे १८५६ मध्ये हलवून गावाच्या कडेस नेण्यात आले. ट्रंपिंग्टन रस्त्याच्या दोन्ही कडांच्या दगडी पन्हळींतून त्या पाटाचे पाणी वाहते.

पंधरा दिवसांनी मी हे सारे वर्गात सांगितले. केवळ सांगून भागणार नाही म्हणून एक खेळही घेतला. खडूच्या रिकाम्या खोक्यात लहानमोठ्या पेन्सिली एका ओळीत मांडल्या. काही नव्या, काही बोटभर उरलेल्या. पहिल्या फेरीत हवी ती उचलावयास सांगितले. अर्थात पुढच्या बाकांवरील मुलांनी लांब पेन्सिली उचलल्या व मागच्यांच्या हाती थोटके आली. दुसऱ्या फेरीत हॉब्सनचा नियम लावला: खोक्याच्या तोंडाशी असेल ती पेन्सिल घ्यावयाची, काम झाल्यावर ती ओळीच्या शेवटी ठेवावयाची. नंतर विचारले, हा नियम कसा वाटला?

पुढच्या बाकावरील एक मुलगा तत्काळ म्हणाला, “ही जबरदस्ती झाली.” मागच्या बाकावर एक मुलगा बसत असे. त्याचे घर रानात वस्तीवर असल्याने तो रोज उशिरा पोहोचे, आणि काहीही वाटावयाचे झाले तर त्याचा हात शेवटी लागे. तो म्हणाला, “आज मला पहिल्यांदा लांब पेन्सिल मिळाली.”

दोन्ही उत्तरे मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. प्रश्न विचारणारी मुलगी दुसऱ्या बाकावर होती. तिने वहीतील ‘इकडे आड, तिकडे विहीर’ खोडले, आणि थोडा वेळ विचार करून उजव्या रकान्यात ती दोन्ही उतरवून घेतली.